चौकापुरती भिंत

आपल्या देशाने एकविसाव्या शतकात पहिलं पाऊल टाकलं ते बोईसरमध्ये. हे माझं मत नाही. सोनेरी किनारीच्या निमंत्रणपत्रिकेत तसं छापलेलं होतं, आणि त्या पत्रिका मीच पाकिटांत घातल्या होत्या, म्हणून खात्रीने सांगते. विसावं शतक संपायला तेव्हा बरीच वर्षं शिल्लक होती. पण कंपनी परदेशी होती आणि तिला वेळेच्या आधी पोचायची सवय होती. पाऊल टाकायच्या दिवशी एकच अडचण आली. दारात लग्नाचं वऱ्हाड उभं होतं.

आता मी पालघरला तिसऱ्या मजल्यावर राहते. चैत्र लागला की पूर्वेच्या टेकड्यांकडून धूर यायला लागतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई दरवर्षी दार वाजवून विचारतात, "काहीतरी जळतंय का हो?" आणि मी दरवर्षी सांगते, "राब." पावसाआधी भाताची रोपं जिथे वाढवायची, ती जागा शेण, टहाळ आणि पालापाचोळा पसरून भाजतात. त्या भाजलेल्या जागेत रोप जोमाने येतं. बाई मान हलवतात, घरात जातात आणि तरीही गॅसचं बटण तपासतात. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. शेण, पाला आणि तापलेली माती यांचा तो एकत्र वास मला आवडतो. थोड्या वेळाने त्याच टेकड्यांकडून ढोल ऐकू येतो. राब भाजायचे आणि लग्नं उरकायचे दिवस इथे एकच. पावसाला सुरुवात झाली की कुणालाही कुणाशी लग्न करायला सवड नसते.

हा वास आणि हा ढोल एकत्र आला की मला संगणक आठवतो. त्याला इलाज नाही.

त्या वर्षापर्यंत मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात कार्यालयीन काम बघत होते. वसाहतीत प्रत्येक कारखान्याला स्वतःचा वास होता. बस कुठे आली हे डोळे मिटून सांगता येई. मग कुंभवलीच्या बाजूला एक इमारत उभी राहायला लागली. तिला धुराडं नव्हतं, म्हणून लोकांना ती संशयास्पद वाटे. कारखाना आहे तर धूर कुठून काढणार? युरोपातल्या एका मोठ्या कंपनीचं ते तंत्रज्ञान केंद्र होतं, या देशातलं त्यांचं पहिलं. कंपनीचं नाव सांगत नाही. तिने स्वतःच ते पुढे दोनदा बदललं. बोईसरच का, असं लोक विचारत. जमीन होती, स्टेशन होतं, आणि पाहणीला आलेल्या साहेबांना कुणीतरी संध्याकाळच्या वेळी चिंचणीचा समुद्रकिनारा दाखवला होता. मोठे निर्णय मोठ्या कारणांनी होतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी चिंचणीला एकदा सूर्य मावळताना जाऊन यावं.

मी रंगाचा कारखाना सोडून तिथे गेले. केंद्रात कापडासारखी मऊ शांतता होती. तरुण इंजिनिअर पडद्यासमोर बसून तिकडच्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या आकृत्या काढत. त्या आकृत्या उपग्रहामार्गे क्षणात युरोपात पोचणार होत्या, त्यासाठी एक प्रचंड तबकडी गच्चीवर बसवलीही होती. पण तिचा एक भाग यायचा राहिला होता. तोपर्यंत हरेश्वर नावाचा आमचा ड्रायव्हर त्या आकृत्यांच्या फ्लॉप्या डब्यात घालून जीपने मुंबईला विमानतळावर पोचवत असे. हरेश्वर चिंचणीचा, मच्छीमार घरातला. तो म्हणायचा, "बाय, मासला ताजा न्यायचा नि ही पण ताजी न्यायची. फरक येवढाच, हिला बरफ नाय लागत."

बर्फ लागत नसला तरी गारवा लागे. संगणकांच्या खोलीत बाराही महिने थंडी, आणि आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, कारण यंत्राला धूळ चालत नाही. दाराशी चपलांसाठी लाकडी मांडणी होती. स्वागतकक्षात टेबलामागे चार घड्याळं ओळीने लावली होती: एक कंपनीच्या मुख्यालयाच्या गावचं, एक न्यूयॉर्कचं, एक टोकियोचं आणि एक तारापूरचं. न्यूयॉर्क आणि टोकियोत आमचं कुणीही नव्हतं.

घड्याळांच्या समोरची भिंत मात्र रिकामी होती. या भिंतीमुळे पुढचं सगळं घडलं.

मुंबईहून आर्किटेक्ट बाई यायच्या. त्यांच्याकडे चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यांनी त्यातलं एक पान उघडून केंद्राचे प्रमुख सबनीस साहेब यांच्यापुढे ठेवलं. लाल मातीच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांचा मोठा चौकोन, त्याला नक्षीची किनार आणि मधोमध देवी. "इथली कला इथल्या भिंतीवर," बाई म्हणाल्या, "पण अस्सल हवं. कागदावर काढून विकतात तसलं नको." सबनीस साहेब भला माणूस. फक्त 'अस्सल' आणि 'भव्य' हे दोन शब्द ऐकले की त्यांचा विवेक थोडा वेळ बाहेर जाऊन बसायचा. त्या पानाची प्रत फॅक्सने मुख्यालयाला गेली. फॅक्समधून तिकडे बहुतेक नुसता काळा चौकोनच पोचला असावा. पण उत्तर आलं, 'अप्रतिम'. उद्घाटनाला मुख्यालयाचे एक वयस्क संचालक स्वतः येणार होते आणि त्यांना ही भिंत बघायची होती.

अस्सल काढणारं कुठून आणायचं? मी बाहेर येऊन लखमीला विचारलं. लखमी आणि सकऱ्या हे जोडपं इमारतीच्या पायापासून तिथे मजुरीला होतं. इमारत झाली, ठेकेदार पुढच्या कामावर गेला, आणि ही दोघं बागेच्या कामाला राहिली. मागच्या कुंपणाला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. लखमी पाइप हातात धरून हिरवळीला पाणी घालत होती. "चौक काढायचा?" ती म्हणाली. "माजे पाड्यावर चला. बारकी आजी हाय. पन ती इचारील."

काय विचारील, ते लखमीने सांगितलं नाही.

पाडा बोईसरच्या पूर्वेला, मनोर रस्ता सोडून आत. मोहाच्या झाडाखाली बारकी आजी फुलं वाळत घालत बसली होती. ती धवलेरी, म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. ब्राह्मणाला जे मंत्र येतात ते तिला गाण्यांत येत, आणि तिची गाणी मंत्रांपेक्षा लांब होती. मी आमचं काम सांगितलं. कंपनी सांगितली, परदेशी पाहुणे सांगितले, तंत्रज्ञानही थोडंसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही, आजी. उद्घाटन आहे."

"मंग चौक कशाला?"

"शोभेला."

तिने माझ्याकडे बघितलं, मग हरेश्वरकडे, मग जीपकडे. "कागदावर काढतान ती शोभा. भितीवर चौक काढला का त्यात देवी येते. आता ती आली, बसली, नि इचारलान का लगीन कोनाचा, तर काय सांगू? कोनाचा नाय, तू नुसती बस?"

 मी आयुष्यात इतके समारंभ पाहिले होते, की पाहुण्याला बोलावून नुसतं बसवून ठेवण्यात काही गैर असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हरेश्वर मध्ये पडला. "आजी, मंग लगीन लावून टाक ना कोनाचा तरी. हंगाम हाय."

पाड्यावरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "हिचा लाव, लखमीचा! नवरी जुनी हाय पन चालल!" आणि लखमीने पदर तोंडावर घेतला. तिच्या शेजारी तिच्याएवढीच उंच मुलगी उभी होती. मंगी, तिची थोरली. मला वाटलं, थट्टा चाललीय. पण बारकी आजी हसत नव्हती.

"खराच," ती म्हणाली. "हिचा कुठं लागलाय अजून?"

हे मला माहीत नव्हतं, आता वाचणाऱ्यालाही कदाचित नसेल, म्हणून सांगते. या भागात दोघांनी संसार आधी मांडायचा आणि लग्न सवडीने लावायचं, यात कुणाला काही वाटत नाही. सवड कधी वर्षाने मिळते, कधी वीस वर्षांनी. मुलंबाळं होतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. फक्त एक अट आहे. मुलांचं लग्न ठरलं की आधी आईबापांचं लागायला हवं.

"मंगीचा ठरलाय," लखमी पदराआडून म्हणाली. "सफाळ्याकडचा पोरगा हाय. बरा हाय. पन त्याची मानसां बोलतान, आखातीच्या आत लावा, नायतर आमी दुसरी बघू. आता आमचाच नाय लागला तर पोरीचा कसा लागंल?"

आखाती म्हणजे अक्षय्य तृतीया, ती फार लांब नव्हती. "मग इतकी वर्षं का नाही लावलंत?" मी विचारलं.

तिने पदर खाली घेतला आणि मी काहीतरी खुळं विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "भीत कुठं व्हती?"

वीटभट्टीवर झावळ्यांची खोप. मग रेल्वेच्या कामावर प्लास्टिकचा तंबू. मग वसाहतीत एकामागून एक कारखाने, आणि प्रत्येक कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड. सकऱ्याची पाड्यावरची झोपडी एका पावसात बसली ती बसलीच. लग्नाला चौक हवा, चौकाला भिंत हवी, भिंत स्वतःची हवी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करणाऱ्या या दोघांना एवढी एकच वस्तू कधी मिळाली नव्हती. पत्र्यावर चौक बसत नाही.

बारकी आजी म्हणाली, "मंग त्या कंपनीची भीत कोनाची हाय?"

मी 'कंपनीची' म्हणणार होते. लखमी आधी बोलली. "माजी. इटा मी वायल्यात. पानी मी मारलाय."

आजीने थोडा विचार केला आणि निकाल दिला. "तुजीच मंग."

मी हो म्हटलं. हो म्हणायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण जीपमधून उतरणाऱ्या माणसाला पाड्यावर अधिकारी समजतात, आणि दिवसभरात तसं समजणारी जागा मला दुसरी मिळत नव्हती. आजीने अटी घातल्या. तिला आणायला जीप यावी. तिने पुढे बसावं. हरेश्वरने उगाच भोंगा वाजवू नये. गावात शिरताना मात्र वाजवावा. पुढे मी अनेक प्रमुख पाहुण्यांची व्यवस्था पाहिली. इतक्या स्पष्ट अटी कुणी घातल्या नाहीत.

बायका आल्या त्या दिवशी भिंत विटकरी रंगाचा महागडा मुलामा देऊन तयार ठेवली होती. आजीने बोटाची पेरं भिंतीवर वाजवून पाहिली. "ही भीत न्हाली नाय," ती म्हणाली. न्हाली नाही म्हणजे शेणाने सारवलेली नाही आणि गेरूने रंगवलेली नाही. फरशी पुसणारा मुकादम उत्तरेकडचा. तो माझ्याजवळ येऊन अजिजीने म्हणाला, "मॅडम, गोबर? नये प्लास्टर पे?" मी सबनीस साहेबांकडे गेले.

"शेण? स्वागतकक्षात?"

"अस्सल हवं म्हणालात."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "वास?"

"दोन दिवसांत जातो, सर. रंगाच्या कारखान्यापेक्षा लवकर."

भिंत न्हाली. सगळ्या इमारतीत शेणाचा आणि ओल्या गेरूचा वास पसरला, आणि वातानुकूलनाच्या नळ्यांनी तो इमानाने प्रत्येक संगणकापर्यंत पोचवला. मला आठवतं, त्या दुपारी एक इंजिनिअर आकृती काढता काढता थांबून म्हणाला होता, "आज घरी गेल्यासारखं वाटतंय." तो संगमेश्वरकडचा होता.

बायकांनी तांदूळ वाटून पिठाचं पांढरं पाणी केलं. चघळून मऊ केलेल्या बांबूच्या काड्या त्यात बुडवल्या. चौक सवाष्णींनी काढायचा असतो. मीही हौसेने पुढे झाले.

"तुजा लगीन झालाय?" आजीने विचारलं.

"नाही."

"येवढी मोठी हापिसर नि नाय झाला?" बायकांत खसखस पिकली. "मंग भितीला हात लावू नको. वाटी धर."

मी वाटी धरून उभी राहिले. लखमीला तर जवळही येऊ देत नव्हत्या, ती नवरी. ती काचेच्या दाराबाहेर हिरवळीवर पाइप धरून उभी होती आणि एकाच जागी पाणी घालत होती. तिथे नंतर डबकं झालं.

मध्येच आजीचं लक्ष संगणकांच्या दाराशी ठेवलेल्या चपलांकडे गेलं. "आत देव हाय काय?"

"नाही, यंत्र आहे," तो संगमेश्वरचा मुलगा म्हणाला. "त्याला धूळ चालत नाही."

"आमचे देवीला चालते," आजी म्हणाली, आणि काडी पुन्हा पिठात बुडवली.

चौकाच्या किनारी झाल्या, नक्षी झाली, झाडं झाली, नाचणारी माणसं झाली. फक्त मधली जागा राहिली. देवी शेवटी यायची. त्या संध्याकाळी लग्नाची बातमी सबनीस साहेबांपर्यंत पोचली. कुणी पोचवली ते माहीत नाही. सकऱ्याने बाजारातून बाशिंगं आणली होती आणि ती झाकून आणायचं त्याला सुचलं नव्हतं.

साहेबांनी मला बोलावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट लक्षण होतं. "चित्र ठीक आहे. लग्न नाही. हे कार्यालय आहे, मंगल कार्यालय नव्हे. मुख्यालयाला काय वाटेल?" मी मंगीचं सांगितलं, आखातीचं सांगितलं. साहेबांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण वाईट वाटून घेणं आणि परवानगी देणं ही दोन वेगळ्या खात्यांची कामं असतात.

बारकी आजीने ते ऐकलं, काड्या धुतल्या, आणि बायकांना घेऊन जीपमध्ये पुढे जाऊन बसली. मधला चौकोन रिकामाच राहिला. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट बाई आल्या आणि भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "ही मधली पोकळी!" त्या म्हणाल्या. "किती आधुनिक!"

लखमीने भांडण केलं नाही, रडली नाही. मी बाहेर गेले तेव्हा ती कोरड्या जागेला पाणी घालत होती. तिने एवढंच विचारलं, "साहेब त्या भितीचा करनार काय, रिकामी ठेवून?" पाइप दुसरीकडे वळवून म्हणाली, "मंगीला अजून नाय सांगितला." सकऱ्या पत्र्याच्या शेडसमोर बसून बाशिंगं पुन्हा कागदात गुंडाळत होता, इतक्या सावकाश, की जणू परत करताना दुकानदाराने नवी समजावीत.

पाहुणे उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच आले. उंच, पांढऱ्या केसांचे, थोडे वाकलेले. त्यांच्याबरोबर चालणारे सगळे त्यांच्यापेक्षा जास्त घाईत होते. ते स्वागतकक्षात शिरले आणि आधी घड्याळांपाशी थांबले. मुख्यालयाच्या गावचं घड्याळ एक तास मागे होतं. तिकडे उन्हाळा आला की घड्याळं तासभर पुढे करतात, हे इथे कुणाच्या लक्षात राहणार? त्यांनी खुर्ची मागितली. जवळ उभ्या असलेल्या सकऱ्याने ती आणली, घट्ट धरली, आणि पाहुण्यांनी वर चढून स्वतःच्या हाताने आपल्या गावची वेळ लावली. खाली उतरून सकऱ्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला. मग वळले आणि भिंत बघितली.

खूप वेळ बघत राहिले. मग विचारलं, मधे काय येतं?

आर्किटेक्ट बाईंनी तोंड उघडलं होतं. पण पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं होतं. मी सांगितलं, मधे देवी येते. ती लग्नालाच येते. लग्न या खुर्ची धरणाऱ्या माणसाचं आहे. त्याच्या बायकोने ही भिंत बांधली. पण लग्नाला परवानगी नाही.

कुणाची, त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी सबनीस साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टायची गाठ नीट केली. "परवानगी प्रक्रियेत आहे, सर," ते म्हणाले.

प्रक्रिया तिथल्या तिथे पूर्ण झाली. इतक्या वेगाने पूर्ण झालेली दुसरी प्रक्रिया त्या केंद्रात मी पाहिली नाही. हरेश्वर जीप घेऊन पाड्यावर गेला, आणि मी सांगितलं नसतानाही गावात शिरताना भोंगा वाजवला.

उद्घाटनाची वेळ सकाळी अकराची. लग्न त्याच्या आत उरकायचं, असं ठरलं होतं. म्हणजे आम्ही ठरवलं होतं. पाड्याने ठरवलं नव्हतं. अकराला जिल्ह्याचे अधिकारी, कारखानदार आणि सुटातले पाहुणे दारात आले तेव्हा वऱ्हाडही दारातच होतं. ढोल वाजत होता. सकऱ्याला मामाने खांद्यावर घेतलं होतं आणि तो एवढ्या उंचीवरून अतिशय संकोचाने सगळ्यांकडे बघत होता. "धरा, धरा, नवरा पळंल!" बायका ओरडत होत्या. "इतक्या वर्सांनी सापडलाय!" दाराला फीत बांधलेली होती. खांद्यावरचा नवरा तिच्याखालून जाईना, आणि फीत तर पाहुण्यांनीच कापायची. शेवटी पाहुण्यांनी कात्री मागवली, फीत कापली आणि बाजूला होऊन नवऱ्याला आत सोडलं. टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी होत्या, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्या खोलीत त्या दिवशी दोन पडदे होते. एक मखमलीचा, संगमरवरी पाटीवर. त्याला सोनेरी दोरी. दुसरा साध्या कापडाचा, चौकावर; रात्रीच बायकांनी मधली देवी काढली होती. देवी आली की तिला झाकून ठेवतात आणि वेळ झाली की भगत कापड दूर करतो. चौकाचं कापड एका हाताने निघालं. मखमली पडद्याची दोरी अडकली आणि पाहुण्यांच्या हातात आली.

आजीने गायला सुरुवात केली आणि थांबली. थंड वाऱ्याने तिचा घसा धरला होता. "ह्यो वारा बंद करा." वातानुकूलन बंद करायचं तर संगणक तापणार, म्हणून आधी संगणक बंद करावे लागले. धावपळ करून इंजिनिअरांनी एकेक यंत्र बंद केलं आणि तेही लग्नाला येऊन उभे राहिले, अनवाणी. म्हणजे आपल्या देशाने ज्या क्षणी एकविसाव्या शतकात पाऊल टाकलं, त्या क्षणी तिथे एकही संगणक सुरू नव्हता. पत्रिकेत ते छापलं नव्हतं.

मग ती गायली. मला शब्द अर्धेच कळत होते. मंगीने आईच्या गालाला हळद लावली, मग बापाच्या, आणि बापाच्या नाकालाही. बाप रागावल्यासारखं करून हसला. लखमी त्या भिंतीपुढे बसली होती. मी तिला इतके महिने पाहत होते, सतत काहीतरी उचलताना, वाहताना, ओतताना. रिकाम्या हातांनी बसलेली ती मला पहिल्यांदाच दिसली. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. मग तिने एक हात मागे नेऊन भिंतीला टेकला. ओळखीच्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा.

पाहुण्यांचं भाषण दोन देशांना जोडणाऱ्या पुलाबद्दल होतं. ढोल पुन्हा सुरू झाल्यामुळे पूल मध्यावरच राहिला. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. कुणीतरी त्यांच्या हातात ताडीचा पेला दिला होता. सबनीस साहेबांनी तो नारळपाणी आहे असं गृहीत धरलं आणि स्वतःही एक घेतला. दुपारनंतर साहेब फार प्रेमाने बोलत होते.

पुढच्या आठवड्यात, आखातीच्या आत, सफाळ्याच्या बाजूला मंगीचं लागलं. मी गेले होते. तिथल्या घराला कुडाची का होईना, भिंत होती. त्या मोसमात आणखी दोन पाड्यांवरून माणसं केंद्रात येऊन चौकशी करून गेली, भिंत मोकळी आहे का. साहेबांनी नम्रपणे 'नाही' असं सांगितलं. पण मला वाटतं, त्यांना आतून बरं वाटलं असावं. वसाहतीत दुसऱ्या कुठल्या कारखान्याची भिंत कुणी मागितली नव्हती.

आर्किटेक्ट बाईंना चौक काचेआड ठेवायचा होता. आजीने नकार दिला. लग्न झालं, देवीचं काम झालं, तिला अडवायची कशाला? पावसाळ्यात दमट हवेने शेणाचे पोपडे सुटले, आणि त्यांच्याबरोबर एकेक नाचणारं माणूस गळून पडलं. काही वर्षांनी कंपनीही गेली, दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात. तिथे विमानतळ होता, इंजिनिअर होते, आणि समुद्रकिनारा नव्हता. गच्चीवरच्या तबकडीचा राहिलेला भाग ती जाण्याच्या सुमारास आला. इमारतीत आता खुर्च्या आणि मंडपाचं कापड भाड्याने देणाऱ्याचं गोदाम आहे. मी माणसांना विचारते, तिथे काय होतं ठाऊक आहे का? ते म्हणतात, काहीतरी परदेशी होतं, धुराडं नव्हतं त्याला.

मोडीत काढायच्या सामानातून नोकरांनी हवं ते न्यावं, असं शेवटच्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या. मी चपलांची मांडणी आणली; अजून दारात आहे. सकऱ्याने एक घड्याळ मागितलं. तारापूरचं नको म्हणाला. ज्याच्यासाठी त्याने खुर्ची धरली होती, ते हवं होतं.

गेल्या चैत्रात मी त्यांच्या पाड्यावर गेले. बारकी आजी आता नाही. तिची सून गाते आणि तीही जीपमध्ये पुढेच बसते म्हणे. सकऱ्या आणि लखमी यांनी घर बांधलंय. विटांचं, चार भिंतींचं. इटा लखमीनेच वाहिल्या असणार. मंगीची पोरं अंगणात होती, मागे कुठेतरी राब भाजत होते, धूर घरात येत होता आणि कुणी गॅस तपासत नव्हतं. लखमीने कोरा चहा केला. "अजून नाय केलास लगीन?" तिने विचारलं. नाही, म्हटलं. "मंग भितीला टेकू नको," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

समोरच्या गेरूच्या भिंतीवर ते घड्याळ होतं. मी माझ्या मनगटावरचं बघितलं आणि उठले. "लखमी, ही वेळ बरोबर नाही. लावून देऊ का?"

"ऱ्हाऊं दे बाय," ती म्हणाली. "ती तेंची वेळ हाय. तेंनी सोता लावलेली."

सकऱ्या न चुकता त्याचे सेल बदलतो. घड्याळ उत्तम चालतं. साडेतीन तास मागे.